आभाळातला हद्दीचा दगड

सरांना किती वाजले असं विचारायची सोय नव्हती. साधा माणूस मनगटाकडं बघतो आणि सांगतो, साडेदहा. सर बोट वर धरून थांबायचे. "दहा एकोणतीस झालेत. थांबा. अजून सतरा सेकंद. अजून पाच. हां, आता वाजले बघा साडेदहा." एकदा आमच्या फाट्यावर एका म्हाताऱ्यानं त्यांना असंच विचारलं आणि सरांचे सेकंद भरेपर्यंत त्याची तुळजापूरची एसटी डोळ्यांदेखत निघून गेली. म्हाताऱ्यानं जी शिवी हासडली ती मी इथं लिहीत नाही. सर त्याला शांतपणे म्हणाले, "गाडी चार मिनिटं आधी सुटली, बाबा. चूक तिची हाय."

"अंदाजे", "जवळपास", "असंल की तितकं" हे शब्द कानावर पडले की त्यांना खरोखर त्रास व्हायचा. आणि आमच्या गावात तर दुसरे शब्दच नाहीत. माझा चुलतभाऊ मल्लाप्पा एकदा बोलून गेला, "माझं रान इथनं एका हाकेवर हाय." सरांनी लगेच वही काढली. "कुणाच्या हाकेवर?" मल्लाप्पा म्हणाला, "कुणाच्या म्हंजे? माझ्या!" झालं. त्याला चिंचेखाली उभं करून हाका मारायला लावलं आणि सर पावलं मोजत चालत सुटले, ऐकू येईनासं होईपर्यंत. मल्लाप्पाची हाक सव्वातीनशे पावलं भरली. मग माझी मोजली, ती दोनशे ऐंशी. पुढं कितीतरी वर्षं मल्लाप्पा चारचौघांत मला ऐकवायचा, "तुझी हाक ती केवढी!" मी मूळचाच तापट, माझं रक्त उकळायचं. पण करतो काय, मोजून झालं होतं.

आता हा माणूस आमच्या गावात कशाला आला ते सांगतो. सर तालुक्याला कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. पस्तिशी उलटलेली. भर उन्हाळ्यात शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं, खिशात चार पेन्सिली, सायकलीच्या दांडीला वायरचं भेंडोळं. त्यांची डॉक्टरेट चालू होती. विषय ऐकून आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं. आभाळात सोडलेलं यान नेमकं कुठं आहे, ते ताऱ्याकडल्या रेडिओलहरींच्या आधारानं मोजायचं! बहात्तरचा दुष्काळ सरून काही वर्षं झाली होती आणि पुन्हा तसलेच दिवस आले होते. माणसं रोजगार हमीवर खडी फोडत होती. मी गावच्या दूध सोसायटीचा सचिव होतो, आणि घागर घेऊन येणाऱ्या बाया आता तांब्या घेऊन येत होत्या. अशात हे यान शोधायला आलेले.

मी विचारलं, "आमचंच गाव का म्हणून?"

"इथं कायबी न्हाय म्हणून."

माझं डोकंच फिरलं. "कायबी न्हाय म्हंजे?"

"मोटारगाड्या न्हाईत, कारखाना न्हाय, लाईटीच्या मोठ्या तारा न्हाईत. रेडिओला असली शांतता पैसे देऊन मिळत न्हाय, सचिव."

मला ते शेवटपर्यंत सचिवच म्हणाले. ओढ्याच्या दोन्ही अंगांना माझं रान पडीक होतं, पेरायला पाऊसच नव्हता. ते मी त्यांना वापरायला दिलं. त्यांनी ओढ्याच्या अलीकडं एक आणि पलीकडं एक असे दोन खांब उभे केले, त्यांवर एरियलं चढवली आणि दोन्हीकडच्या वायरी माझ्या गोठ्याशेजारच्या खोलीत आणल्या. खोलीत ट्रकची बॅटरी आणि एक यंत्र. यंत्रातलं पेन कागदाच्या पट्टीवर नागमोडी रेघ काढत बसायचं.

हे सगळं काय, ते त्यांनी मला एका टाळीत समजावलं. म्हणाले, डोळे मिटा. टाळी वाजवली. "कुठनं आली?"

"उजवीकडनं."

"कशावरनं?"

"कळलं की."

"उजव्या कानाला आधी पोचली, डाव्याला मागनं. तेवढ्या फरकावरनं तुमाला कळलं. हे दोन खांब म्हंजे माझे दोन कान." मग म्हणाले, "पण यान पळतं. पळणाऱ्याची जागा सांगायची तर न हलणारी खूण पायजे. आभाळात लई लांब काही जागा हाईत. डोळ्याला दिसत न्हाईत, पण रेडिओवर मोठ्यानं बोलतात. त्या जागा हलत न्हाईत. ते आभाळातले हद्दीचे दगड. त्यांच्यापासनं यान किती लांब, ते मोजायचं."

हे मला एकदम पटलं. हद्दीचा दगड म्हटलं की आमच्याकडं शाळा न शिकलेल्यालाही सगळं कळतं.

यान डोक्यावरून जायची वेळ झाली की सर घरोघर सांगत सुटायचे, "पाव्हणं येतंय. अकरा मिनिटं विहिरीवरची मोटार बंद ठेवा." गावात मोटारी दोनच होत्या आणि विहिरींना पाणी नव्हतं, त्यामुळं कुणी नाही म्हटलं नाही. एकदा रेघ भलतीच थरथरली. सरांनी पट्टी उचलली, बराच वेळ बघितली आणि मला म्हणाले, "ही तुमची शेळी." जाऊन बघतो तर खरंच, शेळी खांबाच्या ताणाच्या तारेला पाठ घाशीत होती. त्या पट्टीवर त्यांनी तारीख, वेळ आणि "शेळी" असं लिहून ती जपून ठेवली.

माझ्या आईला आम्ही अव्वा म्हणायचो, तिचं माहेर सीमेपलीकडचं, कन्नड मुलखातलं. एकदा सरांनी यंत्राचे कानाचे गोळे तिच्या कानाला लावले. यानाचा आवाज म्हणजे नुसती बारीक शीळ. अव्वा ऐकत राहिली आणि तिचा चेहरा पडला. "अय्यो पाप! एकटंच हाय का वं ते वर?"

सर तिला हसले नाहीत. म्हणाले, "एकटं कसं, अव्वा? आपण ऐकतोय की."

तेव्हापासून त्यांच्या चहाला अव्वाच्या हातानं आलं पडायला लागलं. पण कप मात्र तोच राहिला. खोलीच्या खिडकीत ठेवलेला, दांडी तुटलेला, बाहेरच्या बाहेर विसळून ठेवायचा. सर बौद्ध होते आणि आमच्या घरात लिंगपूजा. मी सोसायटीचा सचिव, रोज पेपर वाचणारा माणूस, आणि मला त्या कपात काही वावगं दिसलं नव्हतं. तसं लिहिताना आज लाज वाटते. सर त्याबद्दल कधी अवाक्षर बोलले नाहीत.

त्यांच्या आजोबाची गोष्ट मात्र ते सांगायचे. आजाकडं गावकीचं काम होतं, आणि त्यात एक मान होता. दोन गावांत शिवेचा वाद निघाला किंवा दोन वाटेकऱ्यांत बांधाचा, की आजाला बोलवायचे. आजा पुढं चालायचा, तो जिथं थांबेल ती शीव. पाटलालासुद्धा त्याच्या शब्दापुढं जाता यायचं नाही. "इतर वेळी सावली चालत न्हवती त्याची," सर म्हणायचे, "पण शिवेला तोच साक्षीदार." छप्पन साली वडलांनी दीक्षा घेतली, गावकी सोडली, ते बरंच झालं. पण आजानं नातवाला दोन गोष्टी शिकवून ठेवल्या होत्या. एक, हद्दीचा दगड खोटं बोलत नाही. दुसरी, दगड पुरताना त्याच्याखाली कोळसा पुरतात, आणि तो उकरायचा तर दोन्ही वाटेकरी हजर पाहिजेत, नाहीतर हात लावायचा नाही.

आणि इथंच सगळा घोटाळा झाला.

सरांना दोन खांबांमधलं अंतर अगदी नेमकं लागायचं. पण मध्ये ओढा, खडकाळ उतार आणि बाभळींची गर्दी. टेप सरळ धरताच यायची नाही. म्हणून त्यांनी दोन्ही खांब मोजणीच्या दगडांना चिकटून उभे केले. पलीकडचा खांब माझ्या आणि मल्लाप्पाच्या बांधावरच्या दगडाला. दगड ते दगड अंतर सरकारी नकाशात लिहिलेलं होतं. पहिल्या उन्हाळ्यात नकाशातलं अंतर आणि त्या न हलणाऱ्या ताऱ्यांवरून यंत्रानं काढलेलं अंतर यांचं चांगलं जमलं. सर खुशीत होते. पावसाळ्याच्या तोंडाला वावटळीला भिऊन त्यांनी खांब उतरवून ठेवले आणि म्हणाले, पुढच्या उन्हाळ्यात तेवढंच माप पुन्हा घ्यायचं, दोन्ही वर्षांचं जुळलं की प्रबंध पुरा.

मधल्या काळात मी एक उद्योग केला.

मल्लाप्पा दर वर्षी नांगरताना बांधातलं एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, माझ्याकडून खायचा. त्याच्या बापानं माझ्या बापाशी तेच केलं होतं. भांडणं झाली, पंच झाले, काही उपयोग नाही. मार्गशीर्षात अणदूरच्या खंडोबाची यात्रा भरली, मल्लाप्पा बायकापोरांसकट बैलगाडी जुंपून गेला, गाव ओस पडलं. मी भर दुपारी पहार घेतली, दगड उपटला आणि त्याच्या रानात सरकवून पुरला. इतक्या वर्षांचं एकदम वसूल करून टाकलं. दुष्काळात बांध आणि रान एकच दिसतं, नुसती ढेकळं. कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या, खोटं कशाला सांगू? आणि त्या दगडाशी सरांचा खांब असतो हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मला दिसत होता तो फक्त मल्लाप्पा.

दुसऱ्या उन्हाळ्यात सर आले, खांब दगडाला चिकटून उभा केला आणि मोजायला बसले. काही केल्या जमेना. त्यांनी घड्याळ बदललं. वायरी उन्हात लांबतात का ते बघितलं. काळी जमीन भेगाळून सरकते का, म्हणून भेगांत काड्या रोवून ठेवल्या. ओढ्यावरून तीनदा टेप टाकली, तीन वेगळे आकडे आले. डबा तसाच परत न्यायला लागले. गाल बसले. जूनमध्ये विद्यापीठाची मुदत संपत होती, एकदा आधीच वाढवून झालेली. मार्गदर्शकांचं पत्र आलं होतं, ते त्यांनी मला दाखवलं. दोन वर्षांची मापं जुळत नसतील आणि त्याचं कारणही सांगता येत नसेल, तर प्रबंध पाठवू नका.

"मग आता?" मी विचारलं.

"तारे म्हणतात पलीकडचा खांब पूर्वेला साडेतीन फूट सरकलाय."

मी हातातलं पत्र घडी घालून त्यांना परत दिलं.

"पण खांब दगडाला लागून हाय," सर म्हणाले, "आणि दगड हलत न्हाय. म्हंजे चूक माझीच. कुठं हाय ते घावंना. आठ वर्षं केलं, सचिव. आठ वर्षांत एक गोष्ट कळली, की ह्ये आपल्याच्यानं होणार न्हाय." आणि ते वायरी गुंडाळायला लागले.

आता बघा. जगातला सगळ्यात शंकेखोर माणूस. घड्याळावर विश्वास नाही, टेपेवर नाही, स्वतःवर तर नाहीच. आभाळातल्या ताऱ्यांनी खरं सांगितलं ते त्यानं मानलं नाही, कारण आजा म्हणाला होता दगड खोटं बोलत नाही. आणि त्या दगडाला खोटं बोलायला लावणारा मी समोर उभा.

मी घरी गेलो. जेवण गेलं नाही. सांगितलं तर मल्लाप्पाला कळणार. मल्लाप्पाला कळलं म्हणजे त्याच्या सव्वातीनशे पावलांच्या हाकेनं गावाला कळणार. आणि मी दूध मोजणारा माणूस! माझ्या मापाला बाया डोळे झाकून दूध ओततात, कारण सचिव चोरी करत नाही. तेवढीच माझी कमाई होती. न सांगितलं तर सर दुपारच्या एसटीनं जाणार आणि परत येणार नाहीत. तरी मी बसून राहिलो होतो, हे कबूल करतो. तेवढ्यात अव्वा बाहेरून आली आणि म्हणाली, "सर चाललं वाटतं. त्या यानाला आता कोण ऐकंल रं?"

मी तसाच अनवाणी ओढ्याकडं गेलो. सर खांबाचे ताण सोडत होते.

"सर, दगड हललाय."

"दगड हलत न्हाय."

"म्या हलवलाय."

त्यांनी हातातला ताण सोडून दिला. मला वाटलं आता थोबाडीत बसणार, आणि बसली असती तर मी हूं की चूं केलं नसतं. त्यांनी विचारलं, "किती?"

"हातभर असंल."

"असंल म्हंजे?" सर एवढ्या मोठ्यानं ओरडले की बाभळीतले होले उडाले. "साडेतीन फूट! तारे साडेतीन फूट म्हणतात! नीट सांगा!"

"मोजलं न्हाय, सर. घाईत हुतो."

"घाईत हुतो म्हणं!" असं म्हणून ते तिथंच ढेकळांवर बसले आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसायला लागले. मीही बसलो. मग म्हणाले, "मल्लाप्पाला बोलवा. दोन्ही वाटेकरी पायजेत."

मल्लाप्पाला बोलावून आणणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब अंतर. सर असते तर त्यांनी पावलं मोजली असती. मी वाटेतच त्याला सगळं सांगून टाकलं. तो आधी लाल झाला, मग काळा झाला, मग टिकाव घेऊन निघाला. तो टिकाव जमिनीसाठी आहे की माझ्यासाठी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी जुनी जागा दाखवली. त्यानंच खणलं. दोन हात खोल गेल्यावर काळा कोळसा लागला, मुठीएवढा.

सर गुडघ्यांवर बसले. कोळशापासून दगडापर्यंत टेप धरली, दोनदा वाचली, तिसऱ्यांदा मला वाचायला लावली. तीन फूट साडेपाच इंच. त्यांनी वहीतला ताऱ्यांचा आकडा काढला. अर्ध्या इंचाचा फरक. सर म्हणाले, "अर्धा इंच कुठं गेला?" पण हसत म्हणाले.

मग ते मल्लाप्पाला म्हणाले, "आता तुमच्या बाजूचा दुसरा दगडबी उकरून बघू, म्हंजे पक्कं हुईल."

मल्लाप्पानं टिकाव खाली टाकला. "कशाला, सर? झालं की काम! उगं किती खणायचं?" असं म्हणून त्यानं माझ्या दगडाला स्वतः हात लावला, दोघांनी तो जुन्या जागी पुरला आणि त्या दिवसापासून तो बांधातलं तास खायचा थांबला. का ते मी विचारलं नाही.

गावभर बोभाटा व्हायचा तो झालाच. दुसऱ्या दिवशी सोसायटीत एक बाई म्हणाली, "सचिव, पुन्यांदा मोजा." नंतर दोघीतिघी घरून माप घेऊन आल्या. मी मान खाली घालून मोजत राहिलो. चौथ्या दिवशी सर कॉलेजातली काचेची नळी घेऊन सायकलीवरून आले आणि सगळ्यांसमोर सोसायटीचं माप पाच वेळा तपासलं. "मापात खोट न्हाय," ते म्हणाले. "खोट दगडात हुती, ती काढलीया." सरांनी मोजलं म्हटल्यावर पुढं कुणी बोललं नाही. तरी लोक पूर्वीसारखे डोळे झाकून ओतायला लागायला वर्ष गेलं, आणि ते बरोबरच होतं.

दगड जागेवर गेल्यावर सरांनी पुन्हा माप घेतलं, दोन्ही वर्षं जुळली, प्रबंध मुदतीत गेला. बांधून आलेली प्रत घेऊन ते घरी आले. सगळं इंग्रजी. आभाराच्या पानावर बोट ठेवून त्यांनी मला अर्थ सांगितला: पूर्वेकडच्या दगडाची खरी जागा दाखवणाऱ्या साक्षीदाराचे आभार.

"साक्षीदार?" मी म्हणालो. "सर, म्या चोर हाय."

"हाय की. पर चोराइतकी नेमकी जागा दुसऱ्या कुणाला म्हाईत हुती?" आणि जरा थांबून म्हणाले, "आजाला लोक बोलवून न्यायचे. तुमी आपण होऊन आला."

ते आता नाहीत. ती प्रत माझ्याकडं आहे, मला तिच्यातलं ते एकच वाक्य वाचता येतं. पण मला सारखी आठवते ती दगड पुन्हा पुरल्यानंतरची दुपार. मातीनं भरलेले आम्ही तिघं ओसरीच्या पायरीवर बसलो होतो. अव्वानं चहा आणला. दोन कप ताटलीत, आणि तिसरा, दांडी तुटलेला, खिडकीतून काढून वेगळा हातात. मी उठलो. तिच्या हातातला तो कप मी घेतला आणि ताटलीतला माझा कप सरांच्या हातात दिला. अव्वा रिकामी ताटली घेऊन दारात टेकली. मल्लाप्पानं खाली बघून फुर्रकन चहा ओढला.

सरांनी कप उजेडात धरला, फिरवून बघितला.

"त्या कपात सात घोट बसतात," ते म्हणाले. "दोन वर्षं मोजलेत. ह्यात किती बसतात बघू."

अव्वा, मल्लाप्पा आणि मी थांबलो. सरांनी सावकाश चहा घेतला, दर घोटाला मनात आकडा म्हणत, आणि कप खाली ठेवला.

"नऊ," सर म्हणाले.